सहा नंबरचा चॅनेल

माझ्या मिक्सरवर तो कायम सहाव्या पट्टीवर.
पांढऱ्या टेपवर मी लिहायचो : हंसराज, बास.
टेप उन्हानं सुटायची, मिक्सर तीन बदलले,
आकडा तोच.

हंसराज मेश्राम, राहणार कौशल्यानगर,
बाप मॉडेल मिलच्या स्पिनिंग खात्यात.
म्हणायचा, मिलचा भोंगा काळी दोनला लागे,
पहिला बास आपण तोच ऐकला.
दुसरा, अजनीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या खिडकीतून :
नाताळचा नाच चाललेला,
मालगाडीचे गार्ड पर्सी डिकॉस्टा
चार तारांचं लाकूड पोटाशी धरून उभे,
डोळे मिटलेले, जणू सिग्नल पडायचाय.
नऊशे रुपयांत, नऊ हप्त्यांनी, त्यांनी ते त्याला दिलं.
आठवा हप्ता घेऊन गेला तर क्वार्टरला कुलूप.
कोणी म्हटलं बिलासपूर, कोणी म्हटलं पर्थ.
दोन हप्ते अजून देणं आहे, असं तो साठीतही सांगतो.

नऊ रात्री वर्धमाननगरात गरबा,
दहाव्या दिवशी दीक्षाभूमीच्या वाटेवर भीमगीतं,
तोच पट्टा खांद्यावर, फक्त घाम पुसून.
ताजबागेत उर्साची कव्वाली,
रविवारी सदरच्या चर्चमध्ये पांढरा शर्ट.
दिवाळीनंतर झाडीपट्टी : वडसा, सिंदेवाही, नवरगाव,
रात्री अकराला नांदी, पहाटे पाचला पडदा,
मग धानाच्या तणसावर झोप,
आणि बास ताडपत्रीत गुंडाळून मध्ये, लेकरासारखा.
राजनांदगावला भाषा कळेना
तर गायकाच्या ओठांकडे बघून वाजवला पूर्ण अल्बम.
समेवर तो केसभर आधी उतरायचा.
केसभर म्हणजे किती, ते मला विचारा,
हात माझा होता फेडरवर.

कॅसेटच्या कागदावर गायकाचा फोटो, कवीचा फोटो,
निर्मात्याच्या लहान मुलाचासुद्धा फोटो.
खाली बारीक अक्षरांत : आणि साथी.

मे महिना. जरीपटक्यातला स्टुडिओ, पत्र्याचं छत,
आवाज येतो म्हणून कूलर बंद.
बाहेर सत्तेचाळीस.
दुसऱ्या अंतऱ्यात त्याचं बोट घसरलं,
शुद्ध गंधाराच्या जागी कोमल.
म्हणाला, एकदा परत घेऊ.
शिफ्ट संपली होती. निर्माता पैसे मोजत म्हणाला,
"राहू द्या न भाऊ, बास कोन आयकते?"

पुढे ते गाणं गल्लोगल्ली वाजलं.
एकदा व्हरायटी चौकात, लाल दिव्यापाशी,
शेजारच्या ऑटोतून आलं.
त्यानं माझ्या स्कूटरवर मागून बोट वर केलं.
"थांब. आता. हां... आयकलं?
हा मी."
दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न मारत होते,
मी गाडी हलवेपर्यंत ऑटो मोरभवनाकडे निघून गेला होता.

गेल्या एप्रिलात, तेराच्या रात्री, इंदोऱ्याला स्टेज.
आता पाच तारांचा बास, पोट्टं विशीतलं,
कानात बाळी, मोबाईलवर ऐकून शिकलेलं.
हंसराज माझ्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत,
बोटं संधिवातानं वळलेली,
बशीतला चहा गार होतोय.
तेच गाणं लागलं.
पहिला अंतरा. म्युझिक. दुसरा अंतरा.
आणि पोरानं बरोबर त्या जागी
कोमल लावला.
घसरून नव्हे. ठेवून. नीट, नखानं पुसल्यासारखा.

मी वळलो. "सांगू का त्याले?"

त्यानं बशी दोन्ही हातांनी उचलली,
फुंकर मारली, गार चहावर.
"काहाले सांगतं बे?
बरोबर तं वाजवून राह्यलं."

टेपवर पोराचं नाव लिहायचं राहिलं होतं.
मी सहावा
जरासा वर केला.