शेवटच्या टोकाचं पाणी

मी पालिकेचा चावीवाला. भांडुपला
रस्त्यातलं झाकण उचलून लोखंडी चावी आत सोडतो
आणि आटे मोजतो.
अठ्ठावीस आटे म्हणजे पूर्ण उघडं.
पण पूर्ण उघडायचं नसतं.
पूर्ण उघडलं की खालच्या सोसायट्यांच्या टाक्या ओसंडतात
आणि वर टेकडीवर नळ नुसता फुसफुसतो,
बायका हंड्याशेजारी उभ्या राहून माझ्या सात पिढ्या काढतात.
कोयंडेसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
सतरा. सतरावर थांब.
हात शिवशिवले तरी.

हे सगळं ठाऊक असलेला माणूस
रविवारी पहाटे पाचला बोरिवलीहून
तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला निघाला
आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस उघडून बसला.

काय करणार. हवा गार, टायर नवे.
पुढच्या पोराच्या चाकामागे लपलं
की वाऱ्याचं भाडंसुद्धा पडत नव्हतं.
मनोरला सात-दहा. ठरवल्यापेक्षा तासभर पुढे.
वसईच्या मर्लिन डाबरे, शाळेतून निवृत्त,
विरार फाट्यालाच मागे पडल्या होत्या.
मी त्यांना हात केला होता,
जरा जास्तच उत्साहाने.

थकवा आधी पायांत येत नाही.
आधी तो हिशोबात येतो:
वापीच्या अलीकडे वळून परत निघालो, तेव्हा
दीडशे भागिले वीस जमेना.
मग जिभेवर. खजूर चिखलासारखा.
मग स्वभावात.
ज्या पोराच्या मागे अख्खी सकाळ फुकट काढली
त्याच्या शिट्टीचा मला राग आला.
पायांना सगळ्यात शेवटी कळलं.

सव्वीस. बावीस. एकोणीस.
सोळावर पाय येऊन बसले आणि तिथून हलेनात.
शिव्या देऊन पाहिलं, केळं देऊन पाहिलं.
मस्तान नाक्याच्या पुलाखाली
मी सायकल आडवी टाकून बसलो होतो,
तेव्हा मर्लिनबाई आल्या. सकाळच्याच वेगाने.
"सोड्यात मीठ टाकून पी," एवढंच,
आणि गेल्या. न थांबता.
त्यांच्या साखळीचा आवाज शिवणयंत्रासारखा, एकसारखा,
ट्रकांच्या गलक्यातही बराच वेळ ऐकू येत राहिला.
की मलाच वाटलं तसं.

वर्सोव्याच्या पुलावर रात्रीचे साडेअकरा.
खाली खाडीचा वास, वर कंटेनरची रांग,
आणि मी बारावर. बाराच्या वेगाने
सायकल धड चालतही नाही, ती पडायचं लांबवते.
मग काशिमिरा गेलं,
दहिसर टोलनाक्याचे दिवे दिसले,
आणि नळ आला.

खरंच. प्रेशरने.
पोटऱ्यांत, मांड्यांत. चोवीस, पंचवीस!
दुपारभर मी भीक मागत होतो तेव्हा हे कुठे होतं?

म्हणजे आत कोणीतरी बसलंय,
झाकण उचलून, वाकून, आटे मोजत.
मला न विचारता त्याने मला सोळावर आणलं, मग बारावर,
माझ्या शिव्या ऐकून घेतल्या
मी टेकडीच्या ऐकतो तशा,
आणि टोक दिसेपर्यंत राखलेलं सोडलं नाही.
मला त्याचा राग आला. नंतर लाज वाटली.
राग पूर्ण गेलाय असं नाही.

बारा वीस. कार्डावर शिक्का.
मर्लिनबाई पायरीवर मोजे पिळत बसलेल्या,
कधीच्या आलेल्या.
"उद्या सुट्टी ना?"
"छे. चार वाजता पाणी सोडायचंय."

चार वाजता. मांड्या थरथरतायत,
चावी दोन्ही हातांत. चौदा. पंधरा.
सोळा.
सतरा.
वरच्या गल्लीतून कोणीतरी ओरडलं,
"अजून आलं नाय!"
येईल, म्हटलं.