तीन डबे रंग

रिवणपर्यंत बस भरलेली होती.
नेत्रावळीला उतरलो तेव्हा मी, कंडक्टर
आणि माझ्या मांडीवरून उतरलेले तीन डबे:
हिरवा, पिवळा, तांबडा.
वनखात्याचं पत्र खिशात घडी घालून:
सोप्या वाटेला हिरवा, मध्यमला पिवळा, अवघडला तांबडा.
फळ्या बारा. मजुरी फळीमागे. जेवण आपलं आपण.

गुणो वेळीप पुढे, कमरेला कोयता.
बोलायचा ते फक्त झाडांची नावं.
किंदळ. माट्टी. नाणो.
मी मागून मान हलवायचो,
ओळख करून दिल्यासारखी.

पहिली वाट धबधब्याची.
मे महिन्यात धबधबा म्हणजे कातळावर एक ओली रेघ,
तिच्यासमोर एक कुटुंब आळीपाळीने फोटो काढत होतं.
"हिरवा ना?"
गुणो पाण्याशी वाकला, तोंड धुतलं.
"बापाचे गुडघे गेले तेव्हापासून तो म्हणतो,
हा झर आता दहा वर्षं लांब आहे."
मी हिरवाच लावला.
पत्रात गुडघ्यांबद्दल काही नव्हतं.

दुसरीवर माझाच भाता फुटला.
गुणोने विडी पेटवली, पाठ फिरवून उभा राहिला,
वर कुठे धनेश दिसतो का ते बराच वेळ बघत.
पिवळी फळी मी तिथेच बसून रंगवली,
रंगवायला लागतं त्याहून सावकाश.

तिसरी सरळ वर. मुळं धरायची, चिरा धरायचा,
आणि चिरा सुटला तर देवाचं नाव.
"ही आमची शाळेची," गुणो म्हणाला.
पठारावर चार घरं, खाली शाळा.
चपला हातात, झिजू नयेत म्हणून.
"अवघड नव्हती?"
"गणित अवघड होतं."

तेवढ्यात वरून त्याची आते आली, मोगी,
अनवाणी, डोक्यावर भिरंडांची पाटी.
पाटी उतरवली ती माझ्या ओल्या फळीला टेकवून,
आणि पाय पसरून बसली.
"कितें बरयलां?"
मी वाचून दाखवलं: अवघड. एकट्याने जाऊ नये.
ती इतकी हसली की पाटीतली दोन भिरंडं घरंगळत गेली.
"एकटी खंय? भिरंडां आसात न्ही."

उठताना तिने हात फळीवरच टेकला.
पाच बोटं उमटली, अंगठा जरा तिरका,
'अवघड'मधल्या 'घ'वर.
मग पाटी डोक्यावर, आणि वळणाआड गेलीसुद्धा,
आम्ही अजून पाणीच पीत होतो.

चौथी एक वाट डावीकडे फुटत होती,
रुंद, तुडवलेली, शेण ताजं.
"हिला?"
"ती गव्यांची," गुणो म्हणाला, आणि आवाज खाली आणला.

शेवटच्या बसमध्ये नखं हुंगली:
टर्पेंटाइन, आणि त्याखाली आंबट काहीतरी.
फळ्या अकराच झाल्या. ब्रश हातात होता,
ती बोटं पुसता आली असती.
साहेबांनी विचारलं तर सांगेन,
रंग ओला होता.