बोटं

रात्री अडीच. रोस्केची हद्द.
लेस्कोवात्सची बस रिकामी करून
सगळे रांगेत, पासपोर्ट छातीशी.

देसांकाची बोटं काचेवर उमटत नाहीत.
पुसून झाली, फुंकून झाली,
डावा हात झाला.
दिवा लाल.

"काम काय करता?"
"मिरच्या भाजते. सोलते.
चाळीस वर्षं, दर सप्टेंबरात."

मुक्काम किती?
लेकीचा गुडघा वाकेपर्यंत,
असं म्हणायचं होतं.
नियमात नव्वद दिवस होते,
म्हणून नव्वद म्हणाली.

पोरगेल्या अधिकाऱ्यानं तिची चारही बोटं
आपल्या तळव्याखाली घेतली,
काचेवर दाबली,
दाबून ठेवली.
हिरवा.

शिक्का हल्ली मारत नाहीत.
ती बसकडे वळली तेव्हा
पुढचा पासपोर्ट तसाच मिटलेला ठेवून
तो आपला तळवा हुंगत होता.