निसरडं कुठलं?

तिसऱ्या रॅकपुढं मर्व्ह ट्रेगेन्झा उभा.
बाटल्या वाचत नाही, नुसत्या उचलून हलवतो,
कानाशी धरतो, पुन्हा जागेवर ठेवतो,
आणि मला विचारतो,
"यातलं निसरडं कुठलं?"

निसरडं.
आठ वर्षं मी हे काउंटर सांभाळतेय.
गिऱ्हाइकं चमक मागतात,
आरशासारखी होईल ना, म्हणतात,
किती धुण्यांपर्यंत टिकेल, म्हणतात.
निसरडं कुणी मागत नाही.

बाहेर एक्केचाळीस अंश.
वायॅलात पाणी लांबून येतं, पाइपातून,
येताना चुना घेऊन येतं.
गाडी धुवावी आणि फडकं आणायला वळावं,
तेवढ्यात थेंब वाळून जातो
आणि त्याच्या जागी पांढरं कडं उरतं,
आलेला पाहुणा न सांगता निघून जावा
आणि कप तेवढा टेबलावर राहावा, तसं.
वर कारखान्याची तांबडी धूळ.
कोरड्या फडक्यानं पुसाल
तर तिचा एकेक कण रंगावर सही करून जातो.
म्हणून ओल्या पत्र्यावरच हे फवारायचं,
फडकं आणि रंग
यांच्यात भांडण होऊ द्यायचं नाही.

हे सगळं मी त्याला सांगत होते.
"ठाऊक आहे," तो म्हणाला,
"तू जन्मायच्या आधीपासून गाड्या धुतोय मी."
मग जरा थांबून,
"डोळ्यांत मधोमध डाग पडलाय.
कडेकडेनं दिसतं. तुझे कान दिसतात, नाक नाही.
डोळ्यातला डाग काढायचं काही ठेवतेस का, डेस्पिना?"
मी हसले. मग हसू आवरलं.
मग तोच हसला.

मालक पोर्ट ऑगस्टाला गेला होता.
मी तीन बाटल्यांची सीलं तोडली.
दारात त्याची हिरवी किंग्सवुड,
शेजारच्या पोरानं चालवत आणलेली
(लायसन्स मार्चमध्येच परत केलं, मर्व्हनं, स्वतःहून).
बॉनेटवर कागदी टेपचे तीन चौकोन आखले,
बादलीतलं पाणी ओतलं,
फुस्स, फुस्स, फुस्स.

पहिला चौकोन: केळ्याचा वास,
आणि काय तो तजेला!
माझी दोन्ही कानातली त्यात मोजता आली.
मर्व्हनं फडकं फिरवलं.
"अडखळतंय," म्हणाला.
मला तर काहीच जाणवलं नव्हतं.

दुसरा त्यानं अर्धाच पुसला.
"हा तेलकट. निसरडं वेगळं, तेलकट वेगळं,
माणसांतसुद्धा."

तिसऱ्यावर फडकं ठेवलं आणि हात काढून घेतला.
फडकं क्षणभर थबकलं,
मग आपलं आपणच सुळकन निघालं,
उतरणीवरून, दिव्यावरून,
थेट त्याच्या बुटांवर.
"हं," तो म्हणाला. "हे."

मी प्रामाणिकपणे सांगितलं,
पहिला जास्त चमकतो.
"तुला," तो म्हणाला.
नुसतं "तुला."
त्यात ना तक्रार, ना टोमणा.
मग तळहात टेकवून
त्यानं तिसरा चौकोन पुन्हा एकदा पाहिला.

पैसे नाण्यांनी दिले.
एकेक नाणं अंगठ्यानं कडेवरून फिरवून,
बारा कोनांचं वेगळं, गोल वेगळं,
एकही चुकलं नाही.
मागची रांग खोकली. खोकू दे.

जाताना मी पहिला चौकोन पुसायला गेले,
बाकी बॉनेटशी सारखा व्हावा म्हणून.
त्यानं मनगट धरलं.
"राहू दे तो. बघणाऱ्यांना."
आणि डावीकडच्या दारापाशी गेला,
चाचपून हँडल शोधलं नाही,
हात थेट त्याच्यावरच पडला.

दोन फुटलेल्या बाटल्या रॅकमागं उभ्या आहेत.
मालक सोमवारी विचारेल.
सांगेन काहीतरी,
सील आधीच तुटलेलं होतं,
किंवा खरं काय ते.