दोन दिस बंद

टेबलावरच्या कार्डावर छापलं होतं, मिसेस प्रेमावती नार्वेकर.
खुर्ची ओढणाऱ्या पोरानं ते मोठ्यानं वाचलं
आणि मी मागं वळून पाहिलं, कोण आली म्हणून.
वास्कोत मी वयनी.
वयनी, शीत. वयनी, आनीक मात्शें हुमण.
एकतीस वर्षं बंदराच्या गेटासमोर
बार्जवरचे, क्रेनवरचे, कस्टममधले
माझ्या बाकांवर कोपराला कोपर लावून जेवले.
खनिजाची लाल धूळ त्यांच्या मनगटांवरून
माझ्या पेल्यांना लागायची. रात्री घासताना पाणी गेरूसारखं.

पांढरी जहाजं खिडकीतून दिसत,
लग्नमांडवासारखी उजळलेली.
आत काय शिजत असेल, एवढाच माझा प्रश्न.
शेवटी भाचीनं तिकीट काढलं. दोन रात्री, जेवणासकट.

तर शिजत होतं ते असं:
एका टोकाला पनीर, दुसऱ्या टोकाला पास्ता,
मध्ये जिलबीसाठी ही रांग,
रॉकेलच्या दिवसांतही पाहिली नव्हती एवढी.
एका गृहस्थांनी ताटात कलिंगडाचा डोंगर रचला
आणि वर इडली ठेवली, कळस म्हणून.
माशाला लिंबू होतं, लोणी होतं, परदेशी नाव होतं.
तिरफळ नव्हतं.
मासा परवाचा. डोळा नव्हता बघायला, पण जीभ आहे ना.
मी कुणाला बोलले नाही.

पोराच्या बिल्ल्यावर नाव, थांगबोई.
कुठल्या तरी डोंगरातला असावा.
त्याचं हसू मी लगेच ओळखलं.
दुपारी अडीचनंतर मीही तेच लावते,
पदराला पिन लावावी तसं.
शेजारच्या बाईंनी पुरी परत पाठवली, गार म्हणून.
दुसरी आली ती परत पाठवली, तेलकट म्हणून.
दोन्ही वेळा तो म्हणाला, शुअर मॅम.
मी त्याच्या बुटांकडे बघत होते.
डावी टाच तो टेकवत नव्हता.

मग माझाच हात लागला ग्लासाला.
कोकम सरबत पांढऱ्या चादरीभर.
आणि मी उठले. ठरवून नाही, उठलेच.
हंसाच्या घडीचा रुमाल उलगडून टेबल पुसलं,
ताटं एकात एक, उष्टं एका बाजूला, चमचे वर.
अर्ध्या मिनिटात. अजून जमतं.

थांगबोईचा चेहरा उतरला.
कोटवाला धावत आला, माझी माफी मागितली,
मग त्याला दाराआड नेलं.
काय म्हणाला ते ऐकू आलं नाही,
पण ते झुलतं दार.
फटीतून खाली घातलेली मान
दिसायची, जायची, दिसायची.

रात्री जिन्यात भेटला. मी सॉरी म्हटलं.
तोही म्हणाला, सॉरी मॅम.
आणि आम्ही दोघं भिंतीला चिकटलो,
एकमेकांना वाट देत.

सकाळी कागद आला. सेवेला किती तारे?
माझ्याकडे तारे नसतात.
ताटात शीत उरतं, किंवा उरत नाही.
पाचही रंगवले.
खाली सूचनेला दोन ओळी होत्या.
'सांडलं ते मी. पुसलं ते मी. पोराची चूक नाही.'
मराठीतच लिहिलं, मोठ्या अक्षरात,
कुणाला तरी वाचता येईल.
तिरफळाचं लिहायचं होतं. जागा पुरली नाही.

मुरगाव आलं. लोक सामानाकडे पळाले, मी कठड्याशी.
क्रेनच्या पायांमधून माझं दार दिसलं, रुपयाएवढं,
आणि त्यावरची पाटी, खडूनं लिहिलेली.
इतक्या लांबून अक्षर लागत नाही, पण मला पाठ आहे.
समोर कुणीतरी उभं होतं, पिवळं हेल्मेट घालून.
बराच वेळ.
वाचता येत नसेल त्याला.
किंवा येत असेल, आणि भूक लागली असेल.