कारण

नऊ नंबरची खोली आधी खेळाच्या सामानाची होती.
कोपऱ्यात अजून तीन भाले उभे आहेत,
व्हॉलीबॉलची फाटकी जाळी खिळ्याला,
आणि दारावर नवा कागद: समुपदेशन केंद्र,
मंगळवार, शुक्रवार, अकरा ते एक.

मौलालीकाका वही पुढे सरकवतात.
नाव. वर्ग. कारण.
वरच्या सगळ्या ओळींत एकच आजार,
डोकेदुखी, डोकेदुखी,
एकानं तर कंटाळून नुसती दोन टिंबं दिलीत,
म्हणजे वरच्यासारखंच.
मी लिहिलं: बोद्धूल श्रीलता, बी.एस्सी. दुसरं वर्ष.
पुढे पेन चालेना.
"लिही की कायतरी," काका म्हणाले, "कोण वाचतंय."

हत्तुरे मॅडमनी पंखा दोनवर आणला.
बाहेर चव्वेचाळीस.
"काय व्हायलंय?"
काही नाही, म्हणाले.
घरीही हेच म्हणते, एमी लेदु,
आणि आई मान वर न करता
विडीला दोरा गुंडाळते.
हजार भरल्याशिवाय
तिलाही काही होत नाही.

मग भलतंच बोलायला लागले.
की आमच्याकडे दोन माग होते,
खाली ते, माळ्यावर मी.
दहावी, बारावी
त्याच खडखडाटात पाठ केली.
दिवाळीनंतर नायनांनी ते भंगारात दिले, किलोवर.
तेव्हापासून घर इतकं गप्प आहे
की रात्री दोनला मला माझं रक्त ऐकू येतं.
पुस्तकात एकच ओळ, पहाटेपर्यंत.
एकदा गच्चीच्या कठड्यापाशी बराच वेळ उभी होते.
वारा खायला, असं समजा.

मॅडमनी तसं समजून घेतलं नाही.
त्यांनी सरळ विचारलं,
चार शब्दांत, आवाज न बदलता.
तो प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता,
मीसुद्धा.

हो, म्हणाले.
भाले होते तिथंच होते.
पंखा कुरकुरत राहिला.
मॅडमनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला
आणि घड्याळाकडे पाहिलं नाही.
एक वाजून गेला होता.

चिठ्ठीवर त्यांचा नंबर, रात्रीसाठी वेगळा.
आईला मीच सांगायचं की दोघींनी, हे अजून ठरायचंय.
शुक्रवारी ये, म्हणाल्या.
शुक्रवारी प्रॅक्टिकल आहे. बघते. येते.

बाहेर काकांकडून वही परत मागितली,
रिकाम्या जागेत लिहिलं: झोप येत नाही.
बाकावर एक मुलगा बसला होता,
मघापासून बुटाची नाडी बांधत.
त्यानं नाव लिहिलं, वर्ग लिहिला,
माझी ओळ वाचली,
आणि खाली हळूच
दोन टिंबं दिली.