तीन बिया

ऑगस्ट दारातला खिळासुद्धा जाळतो,
असं आमच्या बसऱ्यात म्हणतात.
मी बंदरावर एकतीस वर्षं क्रेन चालवली,
लोखंड कसं तापतं ते मला सांगू नका.
पण खिळ्याला साखर नसते.

सकाळी सातलाच घसा कोरडा.
मी तहानेला विचारतो, तू कुणाची गं?
उन्हाची, की रक्तातली?
ती सांगत नाही.
दोघींची हाक एकसारखीच येते.

नळाचं पाणी खारट. पिण्याचं टँकरवाल्याकडून.
त्या डब्यावर माझ्या मुलीनं, सुहैलानं,
निळ्या मार्करनं रेघा मारल्यात:
दहा वाजेपर्यंत इथवर,
दुपारच्या बांगेपर्यंत इथवर.
पाणी रेघेच्या वर उरलं की बोलणी खातो.
खाण्यातलं तेवढंच डॉक्टरनं बंद केलेलं नाही.

वीज गेली की गल्लीतला अब्बूद
जनरेटरवरून तीन अँपिअर देतो.
त्यात पंखा फिरतो, नाहीतर फ्रिज जगतो.
म्हणून इन्सुलिनची बाटली माठाच्या पोटाशी,
ओल्या फडक्यात गुंडाळून.
माठ बायकोच्या माहेरचा.
ती गेली, तो अजून पाझरतोय,
दिवसभर घाम गाळतो बिचारा,
माझ्या वाटचाही.

पायांना काही कळेनासं झालंय.
गेल्या जुलैत मशिदीच्या अंगणात चपला काढल्या
आणि सावली समजून उन्हातून चालत गेलो.
घरी सुहैला किंचाळली:
तळव्यावर बांगडीएवढा फोड.
मला तर फरशी गार वाटली होती.
तेव्हापासून रोज रात्री ती आरसा धरून बसते,
नव्या भांड्याला चीर शोधावी
तसे माझे तळवे बघते.

आणि काल दुपारी,
सुहैला कामावर,
अब्बूदचा जनरेटर दोनदा खोकला, गप्प झाला.
माझे हात थरथरायला लागले.
घाम फुटला. गार घाम.
उन्हाचा घाम असा नसतो,
निदान माझा तरी.
मशीन काढलं, बोट टोचलं, थेंब दिला.
पडद्यावर आकडा नाही,
इवलंसं थर्मामीटरचं चित्र.
म्हणजे त्यालाही उकडत होतं.
बरं बाबा. तूही.

साखर घरात नाही, सुहैलानं हाकललीय.
तिच्या डब्यात आता वाळलेली काळी लिंबं,
तीच उकळून पितो, चार वर्षं, अगोड.
अंगणात मात्र खजुराचं झाड,
सुहैला जन्मली त्या वर्षी मीच लावलेलं,
आणि तिनंच मला बंद केलेलं.
ज्या उन्हानं मला पाडलं
तेच वर घड शिजवत होतं.

आधी चपला घातल्या.
शुद्ध गेली तर जावो, फोड नको.
खोडाला टेकून बसलो,
मातीत पडलेले उचलले, सदऱ्याला पुसले, खाल्ले.
कढत होते.
मग पंधरा मिनिटं थांबायचं असतं.
घड्याळ घरात. मनातच क्रेनवर चढलो.
एक कंटेनर जहाजावरून धक्क्यावर, तीन मिनिटं.
दुसरा.
तिसरा जरा हेलकावला.
चौथा.
पाचवा अलगद टेकवला
तेव्हा हात माझे होते.

संध्याकाळी सुहैला आली.
मी काही लपवलं नाही,
बिया ओट्यावर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या.
तिनं बघितल्या. डब्याची रेघ बघितली.
"तीन?"
"तीन."
तिनं माझं कपाळ चाचपलं, बराच वेळ,
आणि आरसा आणायला आत गेली.

चौथी बी खिशात आहे.
ती औषधाची नव्हती.